प्राधान्य राहील

आखरावरची तणीस, म्हणजे धानाचा पेंढा, कोणा एकाची नसते. धानाची चुरणी, म्हणजे मळणी, झाली की ज्याच्याकडे शेती आहे तो प्रत्येक घरवाला एक बैलबंडी तणीस आखरावर आणून टाकतो. आखर म्हणजे गावाच्या शिवेजवळची मोकळी जागा. सकाळी सगळ्यांची जनावरं तिथे जमतात आणि गुराखी त्यांना रानात घेऊन जातो. तिथेच तणशीचा घराएवढा ढिगारा रचून ठेवतात. होळी उलटली, तळ्याकाठचं गवत वाळलं, की ज्यांना शेत नाही अशा नऊ घरांनी त्या ढिगाऱ्यातून आपापल्या जनावरापुरती तणीस न्यायची. कोणाला विचारायचं नाही, कोणी टोकायचं नाही. माझी सासू सांगायची की तिच्या सासूच्या वेळीही असंच होतं. मला शेत नाही. जन्मभर दुसऱ्यांच्या बांधीत रोवणी केली. तरी माझ्या दारात गाय नाही असं कधी झालं नाही, ते या ढिगाऱ्यामुळे.

तो ढिगारा माझ्या तोंडून गेला. कसा गेला ते सांगते.

उर्वशी ही माझ्या पुतण्याची, वीरेंद्रची, बायको. तुमसरची मुलगी, बी.ए. झालेली. लग्न होऊन आमच्या गावात आली तेव्हा बाया म्हणाल्या, ही काय करडीच्या बाजूच्या खेड्यात टिकते. पण ती टिकली. सरकारचा साक्षरतेचा वर्ग सुरू झाला तेव्हा शिकवायला तीच पुढे आली. दुपारी तीन वाजता समाजमंदिरात अकरा बाया बसायच्या. मी त्यात सगळ्यांत मोठी. बासष्ट वर्षांची होते. उर्वशी मला मोठीमाय म्हणते, घरात माझ्यासमोर डोक्यावरचा पदर खाली येऊ देत नाही. पण वर्गात ती वेगळीच व्हायची. हातात लाल पेन, आणि एकही चूक सोडायची नाही.

“मोठीमाय, तणीस लिहिताना दुसरी वेलांटी. पहिली काहून दिली? दहादा लिहा.”

मी दहादा लिहायची.

माझ्या शेजारी नत्थूची बायको रुखमिणी बसायची. तिने एकदा पाटीवर ‘नवर’ लिहिलं. उर्वशी म्हणाली, “रुखमिणीकाकू, नवऱ्याचा काना कुठं गेला?”

“राहू दे व काना,” रुखमिणी म्हणाली. “त्याचे दोन्ही कान माह्याच हातात आहेत.”

सगळ्या हसल्या. उर्वशीही हसली, पण काना लिहून घेतल्याशिवाय तिने पाटी सोडली नाही. अशी ती होती. मार्चमध्ये आमची परीक्षा झाली. मला दीडशेपैकी एकशे एकतीस मिळाले. प्रमाणपत्र आलं, त्यावर माझा फोटो होता. उर्वशीने वर्गात पेढे वाटले. त्या दिवसापासून मला दिसेल ते मी वाचत सुटले. खताच्या पोत्यावरचं, एसटीच्या मागचं, राशन दुकानाच्या फळ्यावरचं. अडलं की उर्वशीकडे जायचं. ती हातातलं काम ठेवून सांगायची.

त्याच वर्षी पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत प्रकल्पाचा माणूस आला. तुमसर रोडवर एक राईस मिल बंद पडली होती, त्या जागेत सरकारचा ऊर्जेचा प्रकल्प उभा राहत होता. तणीस दळून, दाबून त्याच्या गोळ्या करायच्या आणि वीज बनवायच्या भट्टीत कोळशाबरोबर जाळायच्या. गावात लगेच त्याचं नाव गोळी प्लांट पडलं. त्या माणसाने सांगितलं, देशाची वीज देशातल्याच काडीकचऱ्यावर बनली पाहिजे, तुम्ही शेतात जाळता ती तणीस आम्ही नेऊ, गावाने फक्त ठराव करून द्यावा. त्यात वाईट काही नव्हतं. मोठे शेतकरी हार्वेस्टर लावतात, त्याची तुटकी तणीस जनावर खात नाही, ती शेतात जाळूनच टाकतात. ती नेली तर कोणाचं काय जात होतं?

सरपंच म्हणाले, “ठराव आधी वाचून दाखवा.”

नेहमी ग्रामसेवक वाचतो. पण उर्वशी हजेरीचं रजिस्टर घेऊन पुढे बसली होती, ती उठून म्हणाली, “आज आमच्या मोठीमाय वाचतील. नवसाक्षर आहेत त्या.”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी उठले. दोन पानांचा ठराव होता. मी हळूहळू, शब्दावर बोट ठेवून वाचत गेले. एवढी माणसं माझ्या बोटाच्या वेगाने चालली होती. दुसऱ्या पानावर शेवटून दुसरं कलम होतं. ते मला आज पाठ आहे.

‘टंचाईच्या काळात गावातील सामायिक तणशीवर शासकीय ऊर्जा प्रकल्पास प्राधान्य राहील.’

प्राधान्य हा शब्द मला अडला नाही. तो मला चांगला ओळखीचा होता. आमच्या राशन कार्डावर तोच छापला आहे, प्राधान्य कुटुंब. गावात विचारतात, तुझं कार्ड कोणतं, अंत्योदय की प्राधान्य? दुकानदार म्हणतो, आज अंत्योदयवाले या, उद्या प्राधान्यवाले. प्राधान्य म्हणजे राशनचं धान्य, हे आमच्या गावात लहान पोरालाही माहीत आहे.

नत्थू मागून ओरडला, “सुलोचनाबाई, ते शेवटचं काय म्हणलं? प्राधान्य कोणाले भेटते?”

नत्थूलाही शेत नाही. त्याच्याकडे दोन गाई आणि एक गोऱ्हा. त्याचं विचारणं साहजिक होतं. मी कागद पुन्हा पाहिला आणि सांगितलं, “टंचाई आली अन् आखरावरची तणीस त्याहिले लागली, तं तिच्या बदली प्रकल्पावर प्राधान्याचं धान्य राहीन. आपल्या कार्डावर भेटते तसं.”

“म्हणजे गाय आता राशनचे तांदूळ खाईन?”

“गाय नाही रे बाप्पा, तू खाशीन. अन् मंग ढेकर देऊन गाईले सांगशीन, पोट भरलं म्हणून.”

सभा खळखळून हसली. प्रकल्पाचा माणूसही हसला. मी उर्वशीकडे पाहिलं. मला सवय होती. एक वाक्य वाचून झालं की तिच्याकडे पाहायचं, बरोबर असेल तर ती मान हलवायची, चुकलं असेल तर पेन उचलायची. त्या दिवशी तिने मान हलवली नाही आणि पेनही उचलला नाही. ती खाली रजिस्टरात पाहत होती. मला वाटलं, हजेरी लिहिते आहे. सगळ्यांनी हात वर केले. ठराव झाला.

पुढच्या महिन्यात उर्वशी प्रकल्पाची गाव समन्वयक झाली. गळ्यात ओळखपत्र, हातात टॅबलेट. वीरेंद्र दोन वर्षांपासून घरी बसून होता, मिलचं काम सुटलं होतं. घरात कोणालातरी काम लागलं म्हणून मी नारळ घेऊन गेले आणि तिची ओटी भरली.

दिवाळीनंतर, धान कापून बांधीत पडलेलं असताना, पाच दिवस पाऊस लागला. लोंब्या उगवल्या, तणीस काळी पडली, तिला वास सुटला. असली तणीस जनावर हुंगून सोडून देतं. ज्यांनी आधी कापलं होतं त्यांचीच काय ती चांगली राहिली. आखरावर ढिगारा झाला, पण दर वर्षीच्या निम्मा. गुराखी म्हणाला, यंदा हात राखून न्यावी लागेल. नऊ घरांनी बसून ठरवलं, होळीपर्यंत कोणी हात लावायचा नाही. माझी बुंदी तेव्हा गाभण होती, चैतात विणार होती. मी तिला तळ्याकाठचं गवत कापून आणून घालत होते.

जानेवारी संपता संपता प्रकल्पाचा ट्रॅक्टर आखरावर आला. मागे मोठी जाळीची ट्रॉली. उर्वशी तिथे उभी होती. लोक जमले, पण कोणी अडवलं नाही. अडवायचं कशाला? तणशीच्या बदली धान्य ठरलं होतं. नत्थू तर घरून रिकामं पोतं घेऊन आला होता.

“धान्य कोणत्या गाडीत आहे?” त्याने ड्रायव्हरला विचारलं.

“कोणतं धान्य, काका?”

“प्राधान्याचं.”

“काका, मी तणीस भरतो अन् तणीसच नेतो,” ड्रायव्हर म्हणाला. “तांदळाचा ट्रॅक्टर माह्या सासऱ्याकडे आहे, तो मलेच देत नाही.”

लोक हसले. नत्थू पोतं खांद्यावर टाकून माझ्याकडे आला. “सुलोचनाबाई, कधी येते मंग?”

मी म्हटलं, “सरकारी काम आहे. येईन मागून.”

उर्वशी पाच पावलांवर होती. तिने हे ऐकलं, आणि फोन कानाला लावून ती ट्रॉलीच्या पलीकडे गेली.

त्या आठवड्यात दोन ट्रॉल्या गेल्या. ढिगाऱ्याची एक बाजू खचली. रोज संध्याकाळी कोणीतरी माझ्या दारात यायचं. “मोठ्या बाई, प्राधान्य आलं का व?” मी प्रत्येकाला सांगायची, येईल, कागदावर लिहिलं आहे, मी स्वतः वाचलं आहे.

फेब्रुवारीत मी मोहाडीला बँकेत गेले, पगाराच्या, म्हणजे निराधार योजनेच्या पैशांच्या, कामाला. रांग दारापर्यंत होती. मी शेवटी उभी राहिले. भिंतीवर एक पाटी लावली होती, आणि पाटी दिसली की वाचायची ही माझी खोड. ‘ज्येष्ठ नागरिकांना प्राधान्य.’ मला नवल वाटलं. बँकेत म्हाताऱ्यांना धान्य देतात? मी दारातल्या शिपायाला विचारलं, “भाऊ, हे धान्य इथंच भेटते का दुकानातून?”

तो समजला नाही. मी पाटी दाखवली. तो हसला, पण चांगलं हसला. “धान्य नाही, आजी. प्राधान्य. म्हणजे तुमचा नंबर आधी. हे सगळे थांबतील, तुम्ही पुढे जा.” आणि त्याने खरंच माझा हात धरून मला रांगेच्या पुढे नेलं. पुढच्या माणसांनी निमूट जागा दिली.

काम पाच मिनिटांत झालं. पण परत येताना एसटीत मला काही दिसेना. मनात ते वाक्य पुन्हा पुन्हा वाचत होते. टंचाईच्या काळात, गावातील सामायिक तणशीवर, प्रकल्पाचा नंबर आधी. बाकीचे थांबतील. बुंदी थांबेल, नत्थूच्या गाई थांबतील. हे मी वाचलं होतं. माझ्या आवाजात, बोट ठेवून.

बस थांब्यावरून मी सरळ उर्वशीच्या घरी गेले. ती अंगणात लाखोरीची भाजी निवडत बसली होती. मला पाहून उठली, पाणी आणू लागली.

“पाणी राहू दे. प्राधान्य म्हणजे काय, सांग.”

तिचा हात थांबला. मला उत्तर तिथेच मिळालं.

“तुले माहीत होतं?”

“मोठीमाय, बसा तं खरं.”

“सभेत मी धान्य सांगतलं तवा तुले माहीत होतं?”

“होतं,” ती म्हणाली.

“मंग टोकलं काहून नाही? वर्गात तं एक वेलांटी सोडत नव्हती.”

“वर्ग वेगळा, सभा वेगळी. शंभर लोकाइच्या समोर तुमाले चूक म्हणू? सगळे टाळ्या वाजवून राहिले होते. तुमची इज्जत गेली असती.”

“माह्या इज्जतीसाठी गप्प राहिली?”

ती भाजीतल्या काड्या काढत राहिली. मग खालच्या आवाजात म्हणाली, “प्रकल्पाच्या साहेबानं आधीच सांगतलं होतं, ठराव झाला तं समन्वयक याच गावातला घेऊ. वीरेंद्र घरात बसून भिंतीकडं पाहत राहते, मोठीमाय. तुम्ही पाहता नं रोज. अन् मले वाटलं, टंचाई थोडीच येईन. दर साली तणीस उरतेच. पाऊस येईन हे मले काय ठाऊक?”

मला राग आला होता, पण ती रडत होती. मी तिला ओळखत होते, निदान तसं वाटत होतं. मी म्हटलं, “जे झालं ते झालं. ते आता मोडता येते का?”

तिने डोळे पुसले. म्हणाली, “तक्रार करता येते. प्रकल्पाच्या ऑफिसात सुनावणी होते. गावानं कलम चुकीचं समजून हात वर केले असं सिद्ध झालं, तं सामायिक तणीस सोडतात. मी येते तुमच्यासंगं. मी सांगीन, वाचलं गेलं एक अन् लोकाइनं समजलं दुसरंच, अन् मले माहीत असून मी बोलली नाही.”

“नोकरी जाईन तुही.”

“जाऊ द्या.”

तक्रार तिनेच लिहिली. खाली नऊ घरांनी सही-अंगठे केले. गावाला मी काही लपवलं नाही. आखरावर सगळ्यांना बोलावून सांगितलं, मी चुकीचं सांगितलं होतं, प्राधान्य म्हणजे आधी नंबर. नत्थूने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, “तू काय करशीन? आमाले तं तेही वाचता येत नाही. पण आणून दे व तणीस परत. निदान आहे ते राहू दे.” मी म्हटलं, उर्वशी येते आहे सोबत, ती खरं सांगणार आहे. तक्रार गेल्यावर ट्रॅक्टर यायचा थांबला. राहिलेला ढिगारा नीट रचून त्यावर आम्ही ताडपत्री टाकली. पुरवून वापरला तर नऊ घरांना जेमतेम जेठापर्यंत गेला असता.

सुनावणीच्या दिवशी उर्वशी मला स्कूटीवर बसवून मोहाडीला प्रकल्पाच्या ऑफिसात घेऊन गेली. वाटेत थांबून तिने मला चहा पाजला. ओळखपत्र तिच्या गळ्यात होतं. मला वाटलं, जमा करायला आणलं असेल.

सुनावणी घेणारे साहेब तरुण होते. वागायला वाईट नव्हते. मला खुर्ची दिली. समोर ठरावाची प्रत होती.

“आजी, हा ठराव सभेत कोणी वाचला?”

“म्या वाचला, साहेब.”

“सगळा?”

“सगळा. पण त्यातल्या एका शब्दाचा अर्थ मले चुकीचा माहीत होता. प्राधान्य म्हणजे राशनचं धान्य, असं म्या लोकाइले सांगतलं. लोकाइनं त्याच्यावर हात वर केले. म्या लेट शिकली, साहेब. मले वाचता येते म्हणजे काय, अक्षरं लावता येतात. हे मास्तरीण आहेत माह्या, ह्याइले विचारा.”

साहेबांनी उर्वशीकडे पाहिलं. “तुम्ही वर्ग घेत होता?”

“हो, सर.”

“यांनी ठराव कसा वाचला? चुकीचा वाचला?”

उर्वशी उभी राहिली. वर्गात माझा निकाल सांगताना उभी राहायची तशीच. म्हणाली, “नाही, सर. अक्षर न अक्षर बरोबर वाचला. आमच्या वर्गातल्या सगळ्यांत हुशार आहेत त्या. दीडशेपैकी एकशे एकतीस.” आणि तिने टॅबलेटवर माझं प्रमाणपत्र उघडून साहेबांसमोर ठेवलं. माझा फोटो त्यात हसत होता.

मला वाटलं, आता पुढचं बोलेल. ती बोलेना.

“बाई,” मी म्हटलं, “अर्थाचं सांग नं.”

साहेबांनी तिला विचारलं, “यांनी सभेत वेगळा अर्थ सांगितला, तो तुम्ही ऐकला होता का?”

“सर, मी हजेरी घेत होते. माझं तिकडे लक्ष नव्हतं.”

ती माझ्याकडे न पाहता हे बोलली. शुद्ध बोलली, पुस्तकातल्यासारखं. घरी ती कधी ‘माझं’ म्हणत नाही.

मी खुर्चीतून उठले. “साहेब, तिनं ऐकलं. तिनं मागंच अंगणात माह्याजवळ कबूल केलं.”

“कोणी होतं तिथे दुसरं?”

“भाजी होती,” मी म्हटलं. दुसरं काय सांगणार?

साहेब हसले नाहीत. त्यांनी पेन खाली ठेवला. “आजी, माझी अडचण समजून घ्या. कोळसा कमी पडतो आहे, तणीस सगळीकडे पावसाने गेली. वरून आदेश आहे, असल्या टंचाईत सरकारी ऊर्जेच्या कामाला माल आधी. मोठ्या व्यापाऱ्यांच्या गोदामातूनही आम्ही तसाच घेतो आहोत. तुमचा ठराव अंगठेबहाद्दर सभेपुढे कोणी घाईत उरकला असता, तर मी फेरविचार केला असता. पण तो साक्षर बाईने, सावकाश, पूर्ण वाचून दाखवला आहे. मिनिटबुकात तसंच लिहिलं आहे. प्रकल्पाची गरज भागल्यावर जे उरेल ते तुमचंच आहे.”

“उरत नाही न, साहेब. या साली उरत नाही.”

ते लिहू लागले. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला तणशीचं काही वाटत नव्हतं. मी एवढंच पाहत होते की उर्वशी टॅबलेट पिशवीत ठेवते आहे, आणि पिशवीची चेन तिला लागत नाही.

बाहेर आल्यावर ती स्कूटीजवळ थांबली. “बसा, मोठीमाय. ऊन आहे.”

“त्या दिवशी रडली कायले?”

“तवा खरंच वाटत होतं,” ती म्हणाली. “रातभर विचार केला. नोकरी गेली तं काय खाऊ आमी? तुमची एक गाय आहे. माहे दोन लेकरं आहेत.”

“नऊ घरं आहेत.”

“माहीत आहे मले.” मग ती पुन्हा म्हणाली, “बसा नं.”

मी बसले नाही. एसटीने करडीला उतरले आणि पायी गावाकडे निघाले. कोसभराची वाट. वाटेत लाखोरी फुलली होती, निळी. मी एकेका घराला काय सांगायचं ते जुळवत होते. रुखमिणीला काय, गुराख्याला काय. नत्थूला सगळ्यांत शेवटी सांगायचं ठरवलं होतं.

पण निकाल माझ्या आधी पोहोचला होता. शिवेवर आले तर आखरावर ट्रॅक्टर उभा. ताडपत्री बाजूला पडलेली. ढिगाऱ्यावर चढून दोन माणसं काट्याने तणीस ट्रॉलीत फेकत होती. गावातलं कोणी तिथे नव्हतं. सगळे आपापल्या ओट्यांवर बसून पाहत होते. मी समोरून गेले तरी मला कोणी हाक मारली नाही. त्यांना ऐकायला काही उरलं नव्हतं.

घराजवळ आले तेव्हा दिवस मावळायला टेकला होता. अंगणात दोन मोठे भारे पडलेले दिसले. चांगली, पिवळी, पावसाआधीची तणीस. घट्ट बांधलेले भारे, उर्वशीकडे बांधतात तशी दुहेरी गाठ. ती स्कूटीवरून माझ्या आधी पोहोचली होती. एक भारा सोडून बुंदीच्या पुढे पसरून दिला होता आणि बुंदी मान खाली घालून खात होती. यंदा तिला अशी तणीस मिळालीच नव्हती. तिच्या जबड्याचा आवाज दारापर्यंत येत होता.

मी धावत जाऊन तिच्या पुढची तणीस ओढायला लागले. ती सोडेना. अर्धी तिच्या तोंडात, अर्धी माझ्या हातात. मी तिच्या तोंडावर चापट मारली. जन्मात कधी मारली नव्हती.

कुंपणाजवळ कोणीतरी खाकरलं. नत्थू होता. किती वेळचा उभा होता कोणास ठाऊक. त्याने आधी बुंदीकडे पाहिलं, मग दुसऱ्या, न सोडलेल्या भाऱ्याकडे.

“तुले भेटली वाटते,” तो म्हणाला.

“नत्थू, हे म्या नाही आणली रे. उर्वशीनं टाकली. मी आताच येऊन राहिली मोहाडीवरून. पाह्य, पायावर धूळ पाह्य माह्या.”

“हो,” तो म्हणाला. “घरचीच सून आहे. टाकीनच.”

“घेऊन जाय तू. दोन्ही भारे घेऊन जाय तुह्या गाईले.”

“माह्या गाई उद्या कोंढ्याले धाडून राहिलो, साळ्याकडं. तिथं आहे म्हणते तणीस.” त्याने कुंपणावर हात ठेवला. त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच मला सहन होईना. “सुलोचनाबाई, एक खरं सांगशीन? सभेत म्या विचारलं होतं तुले, प्राधान्य कोणाले भेटते म्हणून. तवाच माहीत होतं का तुले?”

“नाही, नत्थू. गाईची शपथ.”

बुंदी माझ्या हातातून तणीस ओढून चावत होती. नत्थू तिच्याकडे पाहत राहिला.

“राहू दे,” तो म्हणाला. “गाभण आहे. खाऊ दे तिले.”

आणि तो गेला. मी सांगितलं ते त्याने खरं मानलं की नाही, ते मला अजून कळलेलं नाही. त्यानंतर गावात कोणी माझ्याकडे कागद वाचायला आणला नाही.